भटकणारा कोण?

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४:९-१७, उत्पत्ती २१:१४-१९, अनुवाद २६:१-११, याकोब ५:१९-२०



ह्या वेळी एकाच शब्दाचे मनन करण्याचा विचार आहे. शब्द साधा आहे, रोजच्या बोलण्यातला आहे, आणि बहुतेक वेळा तो आपण दुसऱ्याविषयी वापरतो. तो शब्द म्हणजे 'भटकणे'.

आपल्या मराठीत पायांच्या ह्या कामाला शब्दांची वाण नाही. संध्याकाळी मोकळ्या हवेत जातो तो हिंडतो. त्यात दोष काही नाही. शाळा बुडवून पोर नदीकाठी गेले की आई म्हणते, उंडारायला गेला असेल. त्यात राग आहे, पण मायाही आहे. होडी भरकटते, पतंग भरकटतो; म्हणजे निघताना दिशा होती, ती मध्येच सुटली. सभेतले भाषणही भरकटते, हे आम्हां उपदेश करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. दुष्काळात बाया घागर घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. मराठवाड्यातून इकडे हैदराबादेस आलेल्या ज्या वडील मंडळींनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वणवण करणाऱ्याला काय हवे ते पक्के ठाऊक असते. ते मिळत नसते, एवढेच. आणि भटकणारा? त्याला कोठे जायचे ते ठाऊक नसते, आणि तो कोठे आहे अशी चौकशी करणाराही कोणी नसतो. ह्या व्याख्येचा दुसरा भाग आपण ध्यानात ठेवू या. आजच्या शास्त्रपाठाचे मर्म त्यातच आहे.

१. नोद देशातले घर

पवित्र शास्त्रात पहिला भटका म्हणजे काइन. त्याने भावाचा खून केला, आणि तो पृथ्वीवर थारा नसलेला, भटकणारा होईल असे देवाने त्याला सांगितले. ही गोष्ट आपली शब्बाथशाळेची मुलेही सांगतात. पण तिच्यातला क्रम पाहा. शिक्षेच्या आधी देवाने काइनाला एक प्रश्न विचारला होता : तुझा भाऊ कोठे आहे? काइनाने उत्तर टाळले आणि उलट विचारले की, मी काय त्याचा राखणदार आहे? भटकण्याची शिक्षा त्यानंतर आली. ज्याने भावाचा ठावठिकाणा सांगण्याचे नाकारले, त्याला स्वतःचा ठावठिकाणा उरला नाही.

पुढे सोळाव्या वचनात एक विलक्षण गोष्ट आहे. काइन परमेश्वरासमोरून निघून गेला आणि नोद देशात राहिला. मूळ इब्री भाषेत 'नाद' म्हणजे भटकणारा, आणि 'नोद' हे नाव त्याच धातूतले आहे. म्हणजे काइन कोठे स्थायिक झाला? भटकंतीच्या देशात! आणि तेथे तो झोपडी बांधून राहिला नाही. त्याने नगर बांधले व त्याला आपल्या मुलाचे, हनोखाचे, नाव दिले. नगर आले म्हणजे घर आले, शेजार आला, वहिवाट आली. तरीही देशाचे नाव नोदच राहिले.

प्रियांनो, ह्याचा अर्थ असा की, मनुष्य पक्क्या घरात राहूनही भटका असू शकतो. भाड्याची पावती, घराचा उतारा, मंडळीच्या नोंदवहीतले नाव, ह्यांपैकी काहीही त्याला नोद देशाबाहेर काढत नाही.

आता काइनासमोर अब्राहामाला उभे करा. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय सांगतो की, अब्राहाम वचनदत्त देशातही परक्यासारखा तंबूंत राहिला. त्याला नगर बांधता आले नाही. पत्नीला पुरण्यापुरती जागासुद्धा त्याला हेथी लोकांकडून मोल देऊन घ्यावी लागली. पण शास्त्र त्याला भटका म्हणत नाही, प्रवासी म्हणते. कारण ज्याने बोलावले त्याचा शब्द त्याच्या कानात होता. आपल्याकडे आळंदीहून पंढरपुरास पायी जाणाऱ्या वारकऱ्याला कोणी भटका म्हणत नाही. तो दिवसेंदिवस रस्त्यावर असतो, उघड्यावर निजतो. पण तो कोठे चालला आहे हे रस्त्यावरचे पोरही सांगेल. तेव्हा भटकणे पायांवरून ठरत नाही. काइनाचे पाय थांबले तरी तो भटका. अब्राहामाचे पाय चालत राहिले तरी तो भटका नव्हे.

२. ज्यांना बाहेर घातले ते

पण दुसरी एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय न्यायाचा होणार नाही. सगळे भटकणारे काइनाच्या वंशातले नसतात.

उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात हागार बैर-शेबाच्या रानात भटकत आहे. ती आपल्या मनाने तेथे गेली नव्हती. भल्या पहाटे भाकरी व पाण्याची मसक खांद्यावर देऊन तिला मुलासह घराबाहेर काढले होते. हागारेच्या भटकण्यासाठी इब्रीत जे क्रियापद आहे तेच यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात आहे, जेथे संदेष्टा म्हणतो की आपण सर्व मेंढरांसारखे बहकलो. एक बाई घराबाहेर घातलेली, आणि आपण सगळे आपल्याच मर्जीने वाट सोडलेले. शास्त्राने दोघांना एकच शब्द लावला. पण हागारेला देवाने दोष दिला नाही. त्याने मुलाचे रडणे ऐकले, तिला काय झाले म्हणून विचारपूस केली, आणि तिचे डोळे उघडून विहीर दाखवली.

आम्हां हैदराबादकर मराठी लोकांच्या बोलण्यात ह्या अर्थाचा एक शब्द दखनीतून आलेला आहे : 'आवारा'. १९५१ च्या राज कपूरच्या चित्रपटाने तो साऱ्या देशात नेला. आज तो शिवी म्हणूनच वापरला जातो. नाक्यावर उभे राहणारे, कामधंदा नसलेले पोर म्हणजे आवारा. पण हा शब्द मूळ फारसी आहे, आणि तेथे त्याचा अर्थ घरादारावरून उठवला गेलेला, परागंदा झालेला असा आहे. इराणात आजही विस्थापितांना हाच शब्द लावतात. म्हणजे ज्या शब्दाने एकेकाळी दुसऱ्याची विपत्ती सांगितली जात होती, त्याच शब्दाने पुढे त्याला दूषण दिले जाऊ लागले.

ह्या शहराला तो जुना अर्थ एकदा चांगलाच कळला होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे सांगतात, आणि जी उरली त्यांतल्या हजारोंना घर उरले नाही. ते सगळे खऱ्या अर्थाने आवारा झाले. कालपर्यंत ज्यांची घरे होती, दुकाने होती, ते आज रस्त्यावर. त्या पुरात अफझलगंजच्या दवाखान्याजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली, असे शहर आजही सांगते. उस्मानिया दवाखान्याच्या आवारात ते झाड दाखवतात. वर आलेला माणूस कोणाचा कोण, हे त्या झाडाने विचारले नाही. माझ्या डोळ्यांपुढे अशा वेळी वधस्तंभाचे लाकूड येते.

येथे शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सोपी खूण देतो. मराठीत 'आवार' म्हणजे कुंपणाच्या आतली जागा. देवळाचे आवार, शाळेचे आवार. 'आवारा' म्हणजे ज्याला असे आवार नाही. एक शब्द मराठी, दुसरा फारसी. त्यांचे कूळ एक आहे असे मी म्हणत नाही. पण मुलांच्या ध्यानात राहायला एवढे पुरे आहे की, आवाऱ्याला आवार हवे असते. शिवीने त्याला ते मिळत नाही.

३. नाव ठेवण्याचे पाप

प्राचीन लोक आकाशाकडे पाहत तेव्हा बहुतेक तारे एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर दिसत. पण पाचसहा ज्योती कधी पुढे, कधी मागे जात. ग्रीक लोकांनी त्यांना 'भटके तारे' म्हटले. आपण ज्यांना ग्रह म्हणतो ते हेच. यहूदाच्या पत्रात खोट्या शिक्षकांना हीच उपमा दिली आहे. पुढे १६०९ मध्ये केप्लर ह्या ख्रिस्ती खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, मंगळाची वाट ठरलेली आहे आणि तो सूर्याभोवती ती चुकल्याशिवाय चालतो. ग्रह कधी भटकत नव्हते. पाहणाऱ्याला त्यांची वाट माहीत नव्हती.

ताऱ्यांना चुकीचे नाव ठेवल्याने ताऱ्यांचे काही बिघडले नाही. माणसांचे बिघडते. आमच्या शहरातील बंजारा हिल्स ह्या भागाचे नाव बंजारा, म्हणजेच लंबाडा लोकांवरून पडले. आज तेथे बंगले आणि मोठी हॉटेले आहेत. ह्या लोकांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर जात. त्यांची वाट ठरलेली, बाजार ठरलेले, मुक्काम ठरलेले. त्यांनी आणलेल्या धान्यावर फौजा जगल्या. पण त्यांना एका गावात घर नाही एवढ्यावरून लोकांनी त्यांना भटके ठरवले.

आणि मग कायदा आला. १८७१ साली इंग्रज सरकारने दोन कायदे केले. एक मोकाट गुरांविषयी. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालावे आणि मालकाने दंड भरून सोडवावे. दुसरा गुन्हेगार जमातींविषयी. त्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवता येऊ लागल्या, आणि त्यांत फिरस्त्या जमाती पुष्कळ होत्या. एकाच वर्षी गुरांचा कोंडवाडा आणि माणसांचा कोंडवाडा! पुढे १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. अनेकांना नेमून दिलेल्या वसाहतींत ठेवले गेले, हजेरी लावली गेली. सोलापूरची तारेच्या कुंपणातली 'सेटलमेंट' तर आपल्या मराठी मुलखातलीच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणून ह्या समाजांना विमुक्त म्हणतात. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींत होते.

हे आपल्या मासिकात का लिहावे? कारण त्यांतल्या काही वसाहतींचा कारभार मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी पाहिला. त्यांनी शाळा काढल्या, हातांना काम दिले, हे खरे आहे आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. पण कुंपणाच्या किल्ल्या आपल्या लोकांच्या हाती होत्या, हेही तितकेच खरे. चांगल्या मनाची माणसेसुद्धा आधी नाव ठेवतात आणि मग त्या नावाप्रमाणे माणसाला वागवतात. नोद देशात राहणाऱ्या काइनावरसुद्धा देवाने खूण केली, ती कोणी त्याला मारू नये म्हणून. खऱ्या अपराध्याला जर देवाने असे राखले, तर जे अपराधी नव्हते त्यांना डाग लावण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

४. वेताच्या पेटीतले बाळ

नाव ठेवण्याची घाई करू नये, ह्याचे मोठे उदाहरण आपल्या मराठी मंडळीच्या घरातच आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. त्या अवघ्या काही महिन्यांच्या असताना वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी घर सोडले, आणि बाळाला वेताच्या पेटीत घालून डोंगराखाली आणले. तेव्हापासून ते कुटुंब तीर्थाटन करीत व पुराणे सांगत गावोगाव फिरले. दुष्काळात १८७४ साली आईवडील गेले, पुढे थोरली बहीणही गेली. मग रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, दोघेच, हजारो मैल पायी चालली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा कबरीसारखे खड्डे खणून त्यांनी अंगावर वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. हे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे.

त्या रात्री नदीकाठाने कोणी गेला असता, तर त्याने ह्या भावंडांना काय म्हटले असते? अनाथ, कफल्लक, भटकी. आणि त्यांच्या पुढ्यात खरोखरच कोणतेही ठिकाण उरले नव्हते. ज्या श्रद्धेने घर सोडले होते तीही ढासळत चालली होती. पण १८७८ साली कलकत्त्यास विद्वानांनी ह्याच मुलीला 'पंडिता' म्हटले. १८८३ मध्ये इंग्लंडात तिचा बाप्तिस्मा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली अन्नाविना वणवण करीत असल्याचे कळले, तेव्हा ती स्वतः गेली आणि शेकडो मुलींना घेऊन आली. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. त्या मुलींकडे पाहताना रमाबाईंना कोणाच्या सांगण्याची गरज नव्हती. भूक आणि रस्ता म्हणजे काय, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, आणि ते शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वेताच्या पेटीतून निघालेल्या बाळाने आपल्या हाती देवाचे वचन दिले.

५. टोपली ठेवताना काय म्हणावे

आता अनुवादाचा सव्विसावा अध्याय उघडा. इस्राएलाला देश मिळाला, शेती पिकली, घरे झाली. आता पहिल्या उपजाची टोपली याजकापुढे ठेवताना त्याने काय म्हणावे ते मोशे शिकवतो. मी अमक्या घराण्याचा, इतक्या एकरांचा धनी, असे म्हणायचे नाही. माझा पूर्वज एक भटका अरामी होता, येथून आरंभ करायचा. येथे इब्रीत जो शब्द आहे त्याच्या धातूने हरवणेही सांगतात आणि नाश पावणेही सांगतात. शौलाच्या बापाची, कीशाची, गाढवे हरवली तेथे तोच धातू आहे. एकशे एकोणिसाव्या स्तोत्राच्या शेवटी हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे तेथेही तोच.

ज्याला घर मिळाले त्याने दरवर्षी, धान्य भरलेले असताना, आपण हरवलेल्याचे वंशज आहोत हे मोठ्याने म्हणावे. आणि म्हटल्यावर काय करावे? अकरावे वचन सांगते : त्या आनंदात लेवीला आणि परक्याला बरोबर घ्यावे. कबुली आणि पंगत ह्यांची अशी जोडी आहे.

आपण उपकारस्तुतीच्या दिवशी टोपल्या आणतो, वस्तूंचा लिलाव करतो, हिशेब वाचतो. ही कबुली मात्र राहून जाते. आपल्यांतली कित्येक घरे तीनचार पिढ्यांपूर्वी दुष्काळात, रोगराईत, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून उठून आलेली आहेत. त्यांना कोणीतरी आवारात घेतले, म्हणून आज आपण बाकावर बसलो आहोत. आज फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पोराला आपण आवारा म्हणतो, तेव्हा आपण आपल्याच आजोबांना हाक मारीत असतो.

आणि बाकावर बसलेल्यांविषयीही एक सावधगिरीचा शब्द. इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी इशारा आहे की, आपण वाहवत जाऊ नये. वाहवत जाणारा चालत नाही, धावत नाही. तो जागचा हलतसुद्धा नाही असे त्याला वाटते. वीस वर्षे त्याच बाकावर बसणारा, पण शेजारच्या बाकावरची विधवा तीन रविवार का आली नाही हे न विचारणारा, तो कोठे आहे? काइनाच्या नगरात आहे.

६. आपण काय करावे?

याकोब आपले पत्र ह्याच विषयावर संपवतो. कोणी सत्यापासून बहकला आणि कोणी त्याला माघारी आणले, तर तो एक जीव मरणापासून वाचवतो. काइनाने जो प्रश्न झिडकारला त्याचे हे उत्तर आहे. होय, मी माझ्या भावाचा राखणदार आहे. तेव्हा तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, नाव ठेवण्याआधी विचारावे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात बाजारात दिवसभर उभे राहिलेले मजूर आहेत. आपण त्यांना रिकामटेकडे म्हटले असते. द्राक्षमळ्याच्या धन्याने मात्र विचारले की, तुम्ही येथे रिकामे का उभे आहात? तेव्हा कळले की त्यांना कोणी कामावरच लावले नव्हते. आपल्या शहरात सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर असेच लोक उभे असतात. त्यांत मराठवाड्याकडचेही असतात. त्यांना विचारले तर उत्तर हेच येईल.

दुसरी, शिक्षकांनी हजेरीपट ही राखणदाराची वही समजावी. ज्या मुलाच्या नावापुढे तीन वेळा गैरहजर लागले, त्याच्या घरी त्याच आठवड्यात जावे. वर्गात कोणाला उनाड, आवारा असे म्हणू नये. मूल ते नाव घरी घेऊन जाते, आणि मोठे होऊन त्या नावासारखे वागू लागते.

तिसरी, मंडळीने आपल्या आवाराचा विचार करावा. कोंडवाडा आणि मेंढवाडा, दोन्हींना कुंपण असते. कोंडवाड्यात जनावर पकडून आणतात, आणि दंड भरल्याशिवाय सोडत नाहीत. मेंढवाड्यात मेंढपाळ हरवलेले मेंढरू खांद्यावर घेऊन येतो, आणि त्याचा दंड त्याने स्वतःच भरलेला असतो. आपल्याकडे परत आलेल्या तरुणाला आधी खुलासा द्यावा लागतो की आधी जेवायला मिळते, एवढ्यावरून आपले आवार कोणते ते कळेल.

प्रभू येशूला डोके टेकायला जागा नव्हती. गालीलाच्या रस्त्यांवर त्याला पाहणाऱ्या कित्येकांनी त्यालाही भटक्यांतच गणले असेल. पण तो हरवलेल्यांना शोधीत चालला होता, आणि त्या वाटेवर त्याने तुम्हांला व मला गाठले.

प्रार्थना : हे प्रभो, उत्तम मेंढपाळा, आम्ही पक्क्या घरांत राहूनही तुझ्यापासून दूर गेलो, ह्याची आम्हांला क्षमा कर. ज्यांना आम्ही नावे ठेवली त्यांची खरी नावे तुला ठाऊक आहेत. ती आम्हांला शिकव. आमचा भाऊ कोठे आहे असे तू विचारशील तेव्हा आम्हांला उत्तर देता यावे, आणि त्याच्या घरची वाट आमच्या पायांना माहीत असावी, असे कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.